बिरेट म्हणजे नुसतं रागावणं नव्हे

दि. ४ मार्च

ती. ताईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुझा एक कान नानांच्या खोलीकडे असतो आणि माझा वॉर्डातल्या घंटेकडे, धड ऐकणं कुणाचंच होत नाही. शिवाय मला जे हवंय ते तुझ्या अक्षरात हवंय, पुन्हापुन्हा वाचता येईल असं. जन्मभर लोकांच्या विम्याच्या आणि यंत्रांच्या कागदांची भाषांतरं करतेस, त्यात सख्ख्या बहिणीचा एक शब्द बसव.

इंग्रजी शब्द आहे, ‘बिरेट’. मला आधी वाटलं त्या बेरेट टोपीबद्दल काहीतरी असावं. हसू नकोस.

झालं असं. गेल्या आठवड्यात एका बाईचं आतड्याचं ऑपरेशन होतं आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या हाताशी उभी होते. माझी सलग दुसरी पाळी, कारण बदली सिस्टर आलीच नव्हती. रक्तवाहिनी धरायला त्यांनी चिमटा मागितला आणि मी भलताच दिला. रक्त आलं. त्यांनी तो चिमटा भिरकावला, हवा तो स्वतः उचलला आणि वाहिनी धरली. बाईला काही झालं नाही, आता ती वॉर्डात हिंडतेफिरते. पण चूक माझीच, ताई. त्यात दुमत नाही.

रक्त थांबेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. थांबल्यावर जे सुरू झाले ते शेवटचा टाका पडेपर्यंत. गाढवाला हातमोजे चढवले तरी ते गाढवच राहतं म्हणाले. माझे हात फरशी पुसायच्याही लायकीचे नाहीत म्हणाले. मला जन्म देणाऱ्यांनाही सोडलं नाही. मी मास्कच्या आत रडत सुया देत होते, आणि गंमत म्हणजे सुया सगळ्या बरोबर दिल्या. बाहेर हात धुताना पुन्हा तेच. काचेपलीकडे त्या बाईचा नवरा उभा होता. त्याला वाटलं बायको गेली. तो होता तिथे मटकन खाली बसला.

मी तक्रार केली नाही. केली ती भूल देणाऱ्या मॅडमनी. डॉक्टरांनी नर्सला बिरेट केलं, असं एक वाक्य त्यांच्या कागदात आहे, आणि ते मला मान्य आहे का एवढंच चौकशी समिती विचारते आहे. आमच्या मेट्रन म्हणतात की शब्द फार जड आहे, त्याजागी ‘रिप्रिमांड’ घालायला सांग, सगळ्यांची अब्रू राहील. माझ्याकडच्या डिक्शनरीत दोन्हींपुढे रागावणे एवढंच दिलंय. दोन्ही एकच असतील तर मेट्रनचा जीव का वरखाली होतोय?

थकले गं. पायापेक्षा डोकं जास्त थकलंय. नाना कसे आहेत ते सविस्तर लिही. दर वेळी ‘तसेच आहेत’ लिहून माझी बोळवण करतेस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


दि. ११ मार्च

चि. ठमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि दोन पाळ्या सलग केल्याबद्दल एक धपाटा.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या नवऱ्यापाशी प्रत्येक वेळी थांबले.

आता शब्द. तुझी डिक्शनरी रद्दीत घाल. रागावणं हे घरातलं आहे. आई रागावते आणि लगेच ताट वाढते. कानउघाडणीत माया असते, समोरच्याचं भलं व्हावं म्हणून ती करतात. खडसावणं आखूड असतं, एका वाक्यात संपतं. झापणं तर आपण एकमेकींना रोज झापायचो. बिरेट यातलं काहीच नाही. त्याच्या जवळ जायचं तर खरडपट्टी काढणं, बिनपाण्याने करणं, आणि पाणउतारा या तिघांना एका खोलीत कोंडावं लागेल. त्याला तीन गोष्टी लागतात: आवाज, राग आणि लांबण. लांबण सगळ्यात महत्त्वाची. जे थांबायला हवं तिथे थांबत नाही, ते बिरेट. त्यातल्या ‘रेट’चा भावाशी, दराशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘रेट’ म्हणजेच खरडपट्टी काढणं होतं, पुढे लागलेलं ‘बि’ त्याला जोर देतं.

रिप्रिमांड हा कचेरीतला शब्द आहे. वरिष्ठाने, अधिकार आहे म्हणून, रीतसर दिलेली ताकीद. तो शब्द तुझ्याबद्दल बोलतो: हिने चूक केली, हिला समज दिली. बिरेट हा शब्द डॉक्टरांबद्दल बोलतो: ते कसे वागले. मेट्रनचा जीव वरखाली का होतोय ते कळलं ना?

आणि एक नीट ऐक, कारण तू त्यातच अडकली आहेस. बिरेटच्या मागे बहुधा ‘फॉर’ येतो, म्हणजे कशाबद्दल ते. त्या फॉरपुढची चूक अगदी खरी असू शकते. चूक खरी असली म्हणून बिरेट खोटं ठरत नाही. चूक तुझी होती, हे तुझं वाक्य. ते त्यांनी कसं सांगितलं, हे दुसरं वाक्य. दोन वाक्यं एकमेकांत कालवू नकोस.

वापर कळावा म्हणून उदाहरणं देते. चहा गरम आहे म्हणून म्हाताऱ्याने मुलीला बिरेट केलं. चहा गार झाला म्हणून पुन्हा केलं. चादर बदलायला उशीर झाला म्हणून ती सकाळभर बिरेट होत राहिली. माणूस स्वतःलाही बिरेट करू शकतो: अंथरुणावर पडल्यावर ती आपल्यालाच बिरेट करत बसली. झालं? चार पुरेत.

सही करायची की नाही ते मी सांगणार नाही. मी अर्थ सांगणारी, निकाल देणारी नव्हे.

नाना तसेच आहेत. खरंच तसेच आहेत. चष्म्याच्या दुकानातली त्यांची जुनी भिंगांची पेटी मी त्यांच्या उशाशी ठेवली, तर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझं काम साठलंय. एका पंपाची माहितीपुस्तिका आली आहे, तिच्यातलं एक पान तीन दिवस झाले पुढे सरकत नाही.

जेवणाकडे लक्ष दे. लोभ आहे तो कमी करू नकोस, वाढवायला वेळ नसला तरी चालेल.

तुझी,
ताई


दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उदाहरणं वाचली. मी ठमी आहे गं, ठोंब्या नव्हे. चहा कुणाचा आणि चादर कुणाची, हे मला कळत नाही होय?

आता मी विचारते आणि तू उत्तर दे. नाना बोलायला लागलेत का? झटका आला तेव्हा त्यांची वाचाच गेली होती. पुढे तू एकदा लिहिलंस की दोनचार शब्द येतात. कुठले शब्द, ते तू लिहिलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मी गेल्या वर्षी तीन दिवस आले होते तेव्हा ते औषधाच्या गुंगीत माझ्याकडे नुसते पाहत होते. तू मला त्यांच्या आंघोळीच्या वेळी हटकून बाजाराला पिटाळायचीस. तेव्हा मला वाटलं, वडिलांना लाज वाटू नये म्हणून असेल. आता तसं वाटत नाही.

तू लिहिलंस की जे थांबायला हवं तिथे थांबत नाही ते बिरेट. मग तुझं किती दिवस चाललंय?

इकडचं सांगते. मी समितीकडून आणखी आठवड्याची मुदत मागून घेतली. मोठे डॉक्टर वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. चिमटा कसा द्यायचा हे मला त्यांनीच शिकवलं, माझी बोटं आपल्या हातात धरून, पहिल्या महिन्यात. एकदा एका हमालाच्या पायाचं ऑपरेशन चाललं होतं, बाकीचे पाय काढा म्हणत होते, हे एकटे अडून बसले आणि पाय वाचवला. या चौकशीपायी त्यांनी थिएटर सोडलं तर अशा माणसांनी कुणाकडे जायचं? मेट्रन हेच मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकवतात. भूलवाल्या मॅडम म्हणतात की पाय वाचवला म्हणून तुझी मान मोडायचा परवाना मिळत नाही. दोघींचं पटतं. म्हणून झोप लागत नाही.

तुमच्या गावात ते शुश्रूषागृह आहे ना, बागेमागे? तिथे पंधरा दिवसांसाठी माणूस ठेवून घेतात. मी फोन करून विचारलं. रागावू नकोस. हवं तर बिरेट कर.

तुझीच,
ठमी


दि. २४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी नानांची दाढी करत होते. पाकीट साबणाच्या हातानेच फोडलं, म्हणून हा डाग.

त्यांच्यावर तो शब्द लावू नकोस. शब्दाला राग लागतो. त्यांच्यात राग आहे की नाही, हे कुणाला माहीत? ते आजारी आहेत. आजारी माणसाला बिरेट करता येत नाही, असं मी स्वतःला सांगते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहते.

आता विचारलंस तर सांगते. वाचा गेली, पण पाचसहा वाक्यं राहिली. जरा लाज धर पोरी. निर्लज्ज कुठली. कामाची ना धामाची. तोंड काळं कर. ही आणि अशीच. पाणी हवं असलं तरी हीच, दुखत असलं तरी हीच, मी पांघरूण घातलं तरी हीच. आणि आवाज असा की गल्लीत ऐकू जावा. आपले नाना, ठमे! गिऱ्हाइकाला हे दिसतं का, ते दिसतं का असं विचारायचे तेसुद्धा इतकं हळू की माणूस डोळ्यांऐवजी कान पुढे करायचा. आपल्याला कधी ‘अगं’ म्हणून हाक मारताना आवाज चढला नाही त्यांचा.

शेजारच्या शिक्षिकाबाई पहिल्यांदा विचारायला आल्या. आता येत नाहीत. मी खिडक्या लावून घेते. भाषांतराचे कागद द्यायला लोक घरी यायचे, त्यांना मी बाहेरच भेटते.

यातलं मी कुणाला सांगितलं नाही, त्याचं कारण लाज हे नव्हे. मला असं वाटायला लागलंय की हे नवीन नाही. इतकी वर्षं ते सगळं त्यांनी आत दाबून ठेवलं होतं, सभ्य होते म्हणून. मेंदूतलं झाकण उडालं आणि खालून निघालं ते हे. बाकीचे शब्द पुसले गेले, आणि माझ्याबद्दलचं खरं मत तेवढं उरलं. मी लग्न मोडून परत आले तेव्हा ते काही बोलले नव्हते. नुसती माझी खोली झाडून ठेवली होती. आता वाटतं, न बोललेलं कुठेतरी होतंच की.

तू सही कर किंवा करू नकोस, पण माझ्या अर्थावर भार टाकून करू नकोस. शब्दाचा अर्थ सांगणं सोपं असतं. मी तुला फॉर शिकवला आणि मला स्वतःला अजून माझ्या फॉरपुढे काय आहे ते सापडलेलं नाही.

शुश्रूषागृहाचं मनातून काढून टाक. लोक काय ऐकतील तिथे!

जास्त लिहवत नाही. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी नर्स बोलते, मग बहीण.

झटक्याने मेंदूचा बोलण्याचा भाग जातो तेव्हा विचार करून जोडायची वाक्यं जातात. घासून गुळगुळीत झालेली, आपोआप बाहेर पडणारी वाक्यं पुष्कळदा राहतात, कारण त्यांची वाट वेगळी असते. कुणाचं मोजणं राहतं, कुणाचं गाणं राहतं, पुष्कळांच्या शिव्या राहतात. आमच्या वॉर्डात एक शांत स्वभावाच्या ग्रंथपालबाई होत्या, त्या डॉक्टरांचं स्वागत अशा शब्दांनी करायच्या की नवे डॉक्टर दार चुकलो म्हणून मागे फिरायचे. घरच्यांना विचारलं तर उभ्या जन्मात त्यांनी तसं कुणाला म्हटलं नव्हतं. ऐकलं मात्र असणार, सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. नानांची वाक्यंही तशीच. ती कुठून आली कुणास ठाऊक. दुकानाच्या ओट्यावर भांडणाऱ्या लोकांची असतील. त्यात मत वगैरे नसतं गं. मत असायला जे शाबूत लागतं तेच गेलंय. हे मी तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, पण तू ‘तसेच आहेत’ लिहीत गेलीस आणि मला ते वाचणं सोयीचं होतं.

आता बहीण. मी सही केली. कागदावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: चूक माझी होती, शब्द बरोबर आहे. समितीच्या बाईंनी ती दोनदा वाचली आणि विचारलं की दोन्ही कसं काय. मी म्हटलं, दोन वाक्यं आहेत, एकमेकांत कालवू नका.

मोठ्या डॉक्टरांना माझ्यासमोरच बसवलं होतं. मी असं काही बोललो हे मला आठवतच नाही, असं ते म्हणाले. मग भूलवाल्या मॅडमनी सगळं वाचून दाखवलं, गाढवापासून आईबापांपर्यंत. ते ऐकताना त्यांचा चेहरा असा झाला की मीच खाली बघितलं. नंतर एवढंच म्हणाले की आम्हाला असंच शिकवलं गेलं. त्यांना लेखी ताकीद मिळाली. हो, रिप्रिमांड! आणि मला थिएटरमधून काढून ड्रेसिंगच्या खोलीत टाकलंय. शिक्षा नाही म्हणतात, दोघांच्या सोयीसाठी म्हणतात.

कुणी माझं अभिनंदन केलं नाही आणि मला ते नकोही होतं. थिएटरमध्ये आता चिडीचूप असतं म्हणे. एक सिस्टर म्हणाली, बरं वाटतं. दुसरी म्हणाली, तुझ्यामुळे विनोदही बंद झाले. मला मात्र त्या दिव्याखाली उभं राहायची फार आठवण येते. जिंकल्यासारखं काहीच वाटत नाही, ताई. नुसतं खरं सांगून मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि ते इतकं थोडं असतं हे ठाऊक नव्हतं.

म्हणून ये. नानांना आठ दिवस तिथे ठेव आणि माझ्याकडे ये. तिथले लोक काय ऐकतील, ते त्यांचं कामच आहे. तू खिडकी उघडी टाकून झोप. मी विनवत नाही, थोरल्या बहिणीला धाकटीने पहिल्यांदाच खडसावलंय असं समज. बघ, एका वाक्यात संपलं.

वाट बघते.

ठमी


दि. २९ एप्रिल

चि. ठमीस,
सुखरूप पोचले. आशीर्वाद आहेतच.

तुझ्याकडे मी किती झोपले याची मला लाज वाटते. पाहुणी म्हणून आले आणि पोत्यासारखी पडले. पण तुझी ड्रेसिंगची खोली पाहिली, ते बरं झालं. पट्टी सोडवायच्या आधी तू त्या भाजलेल्या माणसाला आता दुखेल आणि मग कमी होईल असं सांगितलंस, आणि खरोखर मग कमी झालं. तिथेही माणसं आहेत, ठमे. दिवा तेवढा लहान आहे.

निघताना जिन्यात तुझे ते मोठे डॉक्टर भेटले. तू ओळख करून दिलीस. ते मला म्हणाले की तुमच्या बहिणीचा हात चांगला आहे. तुझ्याकडे मात्र बघितलं नाही. रिक्षात तू म्हणालीस की ही काय माफी झाली? नव्हेच. पण त्या माणसापाशी एवढंच होतं, आणि तेही त्याने माझ्याकडे दिलं, तुला पोचवायला. पोचवलं. घ्यायचं की नाही ते तू बघ.

आता नाना. स्टेशनवरून थेट तिकडेच गेले. बागेच्या फाटकापासूनच त्यांचा आवाज ऐकू आला. माझे पाय तिथेच थांबले. जरा लाज धर पोरी, निर्लज्ज कुठली, कामाची ना धामाची, अगदी त्याच क्रमाने, त्याच पट्टीत. मी खोलीच्या दारात गेले. आत एक धिप्पाड मावशा होता, म्हणजे मावश्यांचं काम करणारा बाप्या गं, झुपकेदार मिशांचा. तो नानांची नखं कापत होता. नाना त्याला निर्लज्ज कुठली म्हणत होते, आणि तो हो हो काका, धरतो लाज, आता अंगठा द्या, असं म्हणत होता.

मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. त्या माणसाने मला पाणी आणून दिलं. तो सांगत होता की काका सगळ्यांनाच असं म्हणतात, फिजिओवाल्याला, चाकाच्या खुर्चीला, परवा तर न उघडणाऱ्या खिडकीला चांगलं तासभर सुनावलं. मग त्याने विचारलं की काका ज्या पोरीला बोलतात ती कोण. मी म्हटलं, मी असेन. तो म्हणाला, मग तुमची आठवण काढत असतील. तसंही नसेल, ठमे. पण त्याच्याशी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

दोन वर्षं मी मानत आले की शेवटी माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं काहीतरी त्यांनी बाहेर काढलं. वेगळं काही नव्हतंच. खिडकीला जे मिळालं तेच मला मिळालं. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं पोरकंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

मी आत गेले. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच सुरू झाले. मी त्यांचा दुसरा हात घेतला आणि उरलेली नखं कापली. ते बोलत होते, मी कापत होते. मी उत्तर मनातही दिलं नाही. त्यांचा हात ऊबदार होता, करंगळीला भिंगं घासल्याचा जुना कडकपणा अजून आहे.

आठवड्यातले तीन दिवस त्यांना तिथे ठेवायचं ठरवलं आहे, बाकीचे घरी. पंपाची पुस्तिका संपवून पाठवून दिली. काल त्यांना घरी आणलं आणि पहिलं काम केलं ते खिडक्या उघडायचं. शिक्षिकाबाई खालून जात होत्या, नाना नेमके तोंड काळं कर म्हणाले. त्यांनी दचकून वर बघितलं. मी खिडकीतून वाकून सांगितलं की तुम्हालाच म्हणतायत, मनावर घेऊ नका, आणि चहाला या. त्या आल्या. बराच वेळ बसल्या.

नानांचं माझ्याबद्दल खरं मत काय, ते मला आता कधीच कळणार नाही. इतके दिवस ते कळलंय असं समजून मी जागी राहायचे. कळलेलं नाही, एवढंच आता कळलंय. एवढ्यावर झोप लागते.

लिहीत राहा. माया आहे तशी असू दे, तिला कुणी कारण विचारू नये.

तुझी,
ताई